मामंजींची चाप

त्या रविवारी सकाळपासून वैजयंती ओव्हनच्या काचेत सारखी डोकावत होती, जणू आत मटण नाही, तान्हं मूल निजवलंय. ओव्हन गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला वाटीएवढी काच असलेला. बेलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर हौसेनं घेतलेला आणि नानकटाई नि केकच्या पलीकडे कधी न गेलेला. काचेतून दिसत होता तो फक्त डबा, त्यावर पालथी घातलेली थाळी आणि कडेनं लावलेली कणीक. तरी ती बघत होती. ओव्हनमध्ये चाप, म्हणजे बरगडीचं मटण, शिजवायची कल्पना तिची स्वतःची होती, तेव्हा फजिती झाली तर तीही तिच्याच नावावर जमा होणार होती.

आणि आज फजिती परवडणारी नव्हती. दुपारी पुतळावन्सं यायच्या होत्या. पुतळा म्हणजे वैजयंतीच्या नवऱ्याची, सुधीरची, थोरली बहीण. हडपसरला दिलेली, तोंडानं फटकळ आणि बापावर जीव टाकणारी. मागच्या खेपेला वडिलांचा उतरलेला चेहरा पाहून तिनं जिन्यात उभं राहून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं की आबांची इथं आबाळ चाललीय, पुढच्या वेळी असेच दिसले तर मी त्यांना घेऊन जाणार. सुधीर मान खाली घालून चपला शोधत राहिला. ऑफिसात तो साहेबाशीही वाद घालतो म्हणे, पण बहिणीपुढे त्याची वाचा बसते.

वैजयंतीला ते बोलणं झोंबलं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्तच झोंबलं होतं. रावसाहेब, म्हणजे तिचे सासरे, खरोखरच वाळले होते. एके काळी साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात जत्रेच्या पंगतीला रावसाहेब बसले की वाढपी दुसरं पातेलं जवळ आणून ठेवत. सासूबाई गेल्या, त्यांच्या अस्थी घेऊन रावसाहेब काशीला जाऊन आले, मग गावचं घर बंद करून इथं मुलाकडे आले. आल्या आल्या हिरड्या सुजल्या म्हणून उरलेसुरले दातही काढून घेतले. कवळीचं नाव काढू देईनात. तेव्हापासून दोन्ही वेळा दुधात कुस्करलेली चपाती. रविवारी मटण झालं की ते चार वर्षांच्या मीनूला बारीक तुकडे करून भरवायचे आणि स्वतः वाटीला हातही लावायचे नाहीत. "दात न्हाईत सूनबाई, आता चाप काय हिरड्यांनी ओरबाडू?" असं म्हणायचे. सुधीर हसायचा, मीनू हसायची.

वैजयंती हसून सोडून देणाऱ्यांतली नव्हती. तिनं कुकरच्या वाढीव शिट्ट्या काढून पाहिल्या, तर मामंजी म्हणाले, हे दवाखान्यातलं दिसतंय. खिमा केला, तर म्हणाले, कुणीतरी आधी चावून दिल्यासारखा वाटतो. दोन्ही वेळा त्यांनी वास घेतला आणि वाटी मीनूकडे सरकवली. मग तिच्या डोक्यात ओव्हन आला. चाप भाजल्यासारखी खरपूस, पण आतून लोण्यासारखी झाली, बोटानं सुटेल इतकी मऊ झाली, तर मामंजींना नाही म्हणायला जागाच उरणार नव्हती.

तिनं बेलापूर गावातल्या खाटकाकडून कोवळ्या बोकडाच्या बरगड्या अख्ख्या, न तोडता आणवल्या. रात्रीच दही, आलं-लसूण आणि किसलेली कच्ची पपई चोळून ठेवली. सकाळी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरचा मसाला थापला, बरगड्या डब्यात रचल्या, वर थाळी ठेवून कणकेनं तोंड बंद केलं आणि ओव्हन लावला. तापला की बटण बंद करायचं, निवतोय वाटलं की पुन्हा चालू. मंद आच ठेवायची त्या ओव्हनमध्ये दुसरी सोयच नव्हती.

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा ओव्हनपाशी. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर सेक्टरच्या नंबराची पाटी आणि पुरुषभर गवत, त्यापलीकडे हायवे. तिथून येणारी प्रत्येक एसटी तिला पुतळावन्संचीच वाटत होती. सुधीर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, टेन्शन घेऊ नको. त्यावर तिनं त्याच्या हातातला पेपर ओढून घेतला आणि कांदा चिरायला विळी पुढ्यात टाकली.

आणि नेमके लाइट गेले. टीव्हीसमोर बसलेली मीनू ओरडली. वैजयंती धावत गॅलरीत गेली. आपलाच फ्यूज उडाला असता तरी चाललं असतं, पण सगळ्याच बिल्डिंगांतून बायका बाहेर डोकावत होत्या. ती परत आली आणि ओव्हनवर घरातलं जाड घोंगडं टाकून त्याला धरून बसली. कणीक फोडून आत बघायचा मोह तिला अनावर झाला होता. फोडली तर वाफ जाणार, नाही फोडली तर जीव जाणार. आता रडू येईल असं तिला वाटलं. तेवढ्यात बेल वाजवता न आल्यामुळे पुतळावन्संनी दार धडाधडा बडवलं.

पुतळानं आत येऊन वडिलांचा दंड चाचपला, एक सुस्कारा टाकला आणि पाणी प्यायच्या आधी दोरीवरची त्यांची धोतरं काढून घड्या घालायला बसली. पिशवी तिनं बरोबर आणली होती. रावसाहेब खाटेवर मीनूला मांडीवर घेऊन बसले होते. ते घड्यांकडे बघत राहिले. वैजयंतीनं जेवून तरी घ्या वन्सं, एवढंच म्हटलं. "मी जेवीन गं," पुतळा म्हणाली, "आबा जेवतात का ते बघायचंय."

लाइट आले तशी वैजयंती ओव्हनपाशी धावली. तिनं सुरीनं कणीक सोडवली आणि थाळी उचलली. बंद ओव्हनच्या उबेत मटण आपलं आपण मुरत पडलं होतं, ते मऊ झालं होतं यात शंकाच नव्हती. वरून तूप सोडून तिनं डबा उघडाच पुन्हा आत ठेवला. कडा तांबूस होऊन वास जिन्यापर्यंत गेला, तेव्हा तिनं एक बरगडी उचलून पाहिली. हाड हातात आलं, मांस डब्यातच राहिलं.

रावसाहेबांचं ताट तिनं स्वतः वाढलं. ते ताटातल्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. वैजयंतीनं सांगितलं की मामंजी, चावायचं कामच नाही, नुसतं जिभेवर ठेवा. ते ऐकून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मनात चरकली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. पुतळा घास हातात धरून थांबली होती. रावसाहेबांनी खाटेवरच्या पिशवीकडे पाहिलं, मग मीनूकडे. डोळे मिटले आणि तुकडा तोंडात टाकला.

मग ते जेवले. बरगडीमागून बरगडी, बोटं चाटत, भात मागून घेत, जुन्या पंगतीतले रावसाहेब जेवावेत तसे जेवले. पुतळाला म्हणाले की तुझ्या आईला जमली नसती अशी चाप झालीय. संध्याकाळी पुतळानं वैजयंतीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, धोतरं कपाटात ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन निघाली. सुधीर आणि मीनू तिला एसटीपर्यंत सोडायला गेले.

वैजयंती आनंदानं नुसती हलकी झाली होती. झाकून ठेवलेली एक बरगडी वाटीत घालून ती गॅलरीत मामंजींकडे गेली आणि रात्रीला हीच गरम करू का म्हणून विचारलं. त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली.

"नको सूनबाई. पुन्हा करू नकोस माझ्यासाठी," ते म्हणाले. "काशीला गेलं की आवडीची वस्तू सोडून यायची असती. तुझ्या सासूच्या नावानं मी मटण सोडून आलोय."

वैजयंतीनं वाटी खाली ठेवली. हे कुणालाच कसं सांगितलं नाही, असं तिनं विचारलं. सांगितलं असतं तर सुधीरनंही सोडलं असतं, पोरीच्या तोंडचाही घास गेला असता, ते म्हणाले. दातांचं निमित्त बरं होतं, कुणी काही विचारत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रात्रीपासून आपण एवढा आटापिटा केला तो या माणसाचा नेम मोडायला, हे तिला सहन होईना.

"मग आज तरी सांगायचं होतं, मामंजी. वन्संना सांगितलं असतं तर..."

"तर म्हणाली असती, असल्या खाणाऱ्यांच्या घरात कशापायी ऱ्हाता, चला माझ्याबरोबर." खाली गेटातून मीनू बापाचं बोट धरून उड्या मारत येत होती. रावसाहेब कठड्यावरून वाकून तिच्याकडे बघत होते. "विश्वनाथाचे पाय धरता येतात सूनबाई, आणि तुझी सासू बी समजून घील. पर आज पुतळानं नेलं असतं, आणि मला जायचं न्हवतं."