साफ करत होतो

“मी साचा साफ करत होतो, तेवढ्यात अ-पिनसाहेबांनी बटण दाबलं,” परदेशातून कामाला आलेला रोडेल इंग्रजीत म्हणाला आणि थांबला. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. तो हात त्याने टेबलाखाली मांडीवर ठेवला होता. मोठ्या माणसांच्या बैठकीत तो वर आणणं बरं दिसणार नाही, असं त्याला वाटत असावं.

सगळे च्वांगबाईंकडे पाहू लागले. कारखान्याचे मालक लायशेठ चहाची किटली हातात धरून थांबले. मजूर कार्यालयातून आलेला याओ नावाचा तरुण अधिकारी लॅपटॉपवर बोटं ठेवून बसला होता. दारापाशी भिंतीला टेकून अ-पिन उभा होता. साच्यांच्या विभागाचा मुकादम आणि च्वांगबाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

याओला हे नातं ठाऊक नव्हतं. च्वांग आडनावाची माणसं त्या भागात गल्लोगल्ली होती. कामगार पुरवणाऱ्या एजंटाकडची दुभाषी बाळंतपणाच्या रजेवर आहे, म्हणून गावातल्याच इंग्रजीच्या बाईंना बोलावून घेतलं, एवढंच त्याला सांगण्यात आलं होतं.

लुगांगजवळच्या त्या गावात घरोघरी नळ बनत. पितळ ओतायचं कुठे, घासायचं कुठे, चकाकी चढवायची कुठे, हे रस्त्याने चालताना नुसत्या वासावरून कळायचं. च्वांगबाईंनी मात्र आयुष्य काढलं ते नाश्त्याच्या दुकानावरच्या एका खोलीत, फळ्यासमोर. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती. लग्न राहूनच गेलं. आई वारली तेव्हा अ-पिन शाळेत जात होता. त्याचे डबे, त्याची आजारपणं, त्याचं तंत्रशाळेतलं शिक्षण, पुढे यू-छिनशी लग्न, सगळं बाईंनीच पाहिलं.

चालू भूतकाळ हा त्यांचा आवडता धडा. “आपल्या भाषेत क्रियापद जन्मभर एकाच कपड्यांत हिंडतं,” त्या मुलांना सांगत. “काल खा, आज खा, उद्या खा. काम चाललेलं होतं हे सांगायचं असेल तर आपण त्याच्या आधी एवढंसं ‘त्साय’ लावतो. तेही कुणी लावतं, कुणी विसरतं. इंग्रजीत विसरून भागत नाही. ‘मी अंघोळ करत होतो, तेव्हा दार वाजलं,’ म्हणजे तुम्ही ओलेचिंब आहात, साबण लागलाय. ‘मी अंघोळ केली, दार वाजलं,’ म्हणजे कपडे घालून दार उघडायला मोकळे.” मुलं दर वर्षी इथे हसत, आणि त्यामुळे तो धडा त्यांच्या डोक्यात पक्का बसे.

आदल्या दिवशी क्लास सुटता सुटता लायशेठ स्वतः जिना चढून आले होते. मागोमाग अ-पिन. तो शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसला आणि मान खाली घालून राहिला.

“बाई, हात त्याचा गेलाय, वाईट मलाही वाटतंय,” शेठ म्हणाले. “पण हे निष्काळजीपणात निघालं तर नुसतं कारखान्यावर थांबत नाही. पोलीस येतात, आणि ज्यानं बटण दाबलं त्याला धरतात. खोटं बोला असं मी तुम्हाला कसं म्हणेन? तुम्ही शिकवणाऱ्या. फक्त जरा थोडक्यात सांगा. तो फार फाटे फोडतो.”

“ताई, तो अजून आत हात घालून बसला असेल असं मला वाटलंच नाही गं,” अ-पिन बाकाकडे बघत म्हणाला. “यू-छिनला सातवा लागलाय. मी आत गेलो तर तिनं काय करायचं?”

बाईंनी फळा पुसला होता. हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

आता त्या म्हणाल्या, “म्हणतो, मी साचा साफ केला. अ-पिननं बटण दाबलं.”

एवढंच. एक अक्षर राहिलं. त्यांच्याशिवाय कुणाच्या कानाला ते खटकलं नाही.

याओने टाइप केलं आणि वर पाहिलं. “म्हणजे साफ करून झालं होतं. मग मशीन चालू झाल्यावर हात आत कशाला घातला?”

“तेच तर साहेब,” लायशेठनी कपात चहा ओतला. “कितीदा सांगतो यांना, मशीन चालू असताना आत हात घालू नका. काहीतरी चिकटलेलं दिसलं की घातलाच हात.”

रोडेलला कारखान्यापुरती भाषा येत होती: उचल, लवकर, जादा काम, जेवण. एवढ्यावरूनही काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं. “नाही, मॅडम,” तो म्हणाला. “साफ करत होतो. झालं नव्हतं.” त्याने डाव्या हाताने हवेत ब्रश फिरवून दाखवला. मग बाईंच्या तोंडाकडे बघत, लहान मुलाला समजावतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “करत. होतो.”

“काय म्हणतोय?” याओने विचारलं.

“तेच म्हणतोय,” बाई म्हणाल्या. “साफसफाईचं काम त्याच्याकडे होतं, असं.”

रोडेलने तिसऱ्यांदा सांगितलं. बाईंनी मान हलवली, जणू आता नीट समजलं, आणि याओकडे वळून म्हणाल्या, “त्याचं बोलून झालं.” त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच स्वच्छ होता. याचा पुढे त्यांना सगळ्यात जास्त राग येत राहिला.

जबाब छापून आला. रोडेलने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. उठताना तो बाईंपाशी थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता. होती ती कीव, तीही हसरी.

“राहू द्या, मॅडम,” तो म्हणाला. “इंग्रजी अवघडच असतं. मला तरी कुठे तुमची भाषा तीन वर्षांत आली?”

“काय म्हणाला हो?” शेठनी विचारलं.

“आभार मानले,” बाई म्हणाल्या.

निकाल लवकर लागला. चूक कामगाराची. विम्याचे नियमाने मिळतील तेवढे पैसे, करार संपुष्टात, परतीचं तिकीट मालकाकडून. अ-पिनचं नाव कुठेही आलं नाही.

रविवारी दुपारी तो कालवांच्या शेवया घेऊन बहिणीकडे आला. डबा उघडून त्याने आधी तिच्या वाडग्यात कालवं वाढली, मग स्वतःला घेतलं. बऱ्याच दिवसांनी तो असा आडवा हात मारून जेवत होता.

“शेठ म्हणाले, बाईंनी लाज राखली. नव्या वर्षी मला वरच्या जागेवर घेणारेत.”

“बटण दाबताना बघितलं का नाहीस?” बाईंनी विचारलं.

“बघत होतो ना. मोबाइलात.” त्याने शेवया ओढल्या. “मॅच चालली होती. शेवटचा डाव. एकदम कुणीतरी ओरडलं.” मग बहिणीकडे पाहून त्याने काड्या खाली ठेवल्या. “आता तू नको सुरू करू, ताई. मुद्दाम केलं का मी?”

बाईंनी आपला वाडगा उचलला आणि मोरीत नेऊन ओतला. तो गेल्यावर त्यांनी खोली दोनदा झाडली.

दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी देऊन त्या बसने याओच्या कार्यालयात गेल्या. तो डबा खात होता. त्याने खुर्ची दिली.

“त्या जबाबात चूक आहे,” बाई म्हणाल्या. “तो म्हणाला, साफ करत होतो. मी ‘त्साय’ गाळला.”

याओने फाइल काढून ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग ‘त्साय’ घालून पुन्हा वाचलं. तो मूर्ख नव्हता. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज खाली आला.

“विसरलात का?”

“नाही. मुद्दाम गाळला. अ-पिन माझा भाऊ आहे.”

त्याने दाराकडे पाहिलं, डब्याचं झाकण लावलं. “बाई, हे मी ऐकलेलं नाही. कागद वर गेलाय, वरून सही होऊन आलाय. दुभाषी कोण, कुणाची कोण, हे मी आधी विचारायला हवं होतं, असं आता निघेल. भाषांतरात थोडं इकडंतिकडं व्हायचंच.”

“लिहून घ्या. मी सही करते.”

“तक्रार त्यानं करायला हवी. आणि तो परवा जातोय.” त्याने फाइल मिटली. “करार संपला की इथं थांबायचं कुठं, खायचं काय? त्याला विचारा तुम्ही. तो थांबणार असेल तर या दोघं. मग मला घ्यावंच लागेल.”

बुधवारी सकाळी बाई कारखान्यामागच्या कामगारांच्या वसतिगृहापाशी गेल्या. एजंटाची गाडी उभी होती. रोडेल फाटकात बॅगेवर बसला होता. निळ्या जाकिटाची उजवी बाही रिकामी लोंबत होती, हात आत पोटाशी बांधलेला होता. बाईंना पाहून तो लगबगीने उठला.

“मॅडम, तुम्ही आलात. माझ्यासाठी?” त्याला खरंच आनंद झाला होता. “शिकवता ना अजून? एक सांगू? रागावू नका. सिनेमे बघा, इंग्रजी, खालची अक्षरं झाकून. माझी बहीण तशीच शिकली. आता दुबईत आहे.”

“रोडेल,” बाई म्हणाल्या, “त्या दिवशी मला कळत होतं.”

तो हसतच राहिला.

“तू पहिल्यांदा बोललास तेव्हाच. करत होतो आणि केलं, दोन्ही मला कळतं. मी तेच शिकवते. अ-पिन माझा भाऊ आहे.”

त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखं थोडा वेळ तोंडावर राहिलं.

“तू थांबलास तर मी तुझ्याबरोबर येते,” बाई घाईने म्हणाल्या. “त्या साहेबांसमोर सांगते. माझ्या घरी राहा. वरची खोली आहे.”

“किती दिवस?”

“माहीत नाही. महिने लागतील कदाचित.”

त्याने गाडीकडे पाहिलं. मग बाईंकडे, त्यांच्या चपलांपासून वर चेहऱ्यापर्यंत, सावकाश. इतके दिवस त्याने त्यांना नीट पाहिलंच नव्हतं, असं.

“तीनदा सांगितलं मी,” तो म्हणाला. मॅडम म्हणाला नाही.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. बाई बॅग उचलायला वाकल्या. त्याने पाय पुढे घालून बॅग आपल्याकडे ओढली, खाली बसला, पट्टा डोक्यातून गळ्यात घातला आणि एका हाताचा जमिनीला आधार देऊन उठला. पहिल्या वेळी तोल गेला. बाई तिथेच उभ्या होत्या. दुसऱ्या वेळी जमलं.

गाडीत आणखी एक कामगार होता, त्याच्याच गावाकडचा, सुट्टीवर निघालेला. त्याने बाईंकडे बोट करून रोडेलला काहीतरी विचारलं. रोडेलने त्या दोघांच्या भाषेत उत्तर दिलं, दोन-तीन शब्दांत. बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्या माणसाने काचेतून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.