आत चोवीस

दुपारी अडीचच्या सुमारास तंबूतला पंखा थांबला. घरात इस्त्रीबाई एकट्याच होत्या.

आवाज बंद झाला म्हणून आधी त्यांना बरेच वाटले. मग पलंगावरून त्यांनी उघड्या दारातून खोलीत पाहिले. पंखा चालू असला की तंबूचे काळे कापड आत ओढलेले असे, गाल आत घेतलेल्या माणसासारखे. आता ते सैल पडले होते. दाराशेजारच्या तापमानाच्या छोट्या पडद्यावर चोवीसचे सत्तावीस झाले होते. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"आई, आतला पंखा बंद पडलाय. माझ्या फोनवर अलार्म वाजतोय. नीट ऐक. आधी लाइट बंद कर. मग झिप उघड, पार खालपर्यंत. आणि तुझा टेबलफॅन तंबूच्या तोंडाकडे फिरव, फुल करून. कळलं?"

"तू कुठेयस?"

"हॉटेलवर. उद्याच्या मालाचं बोलतोय. यायला संध्याकाळ होईल. तीनच गोष्टी आहेत, आई. लाइट, झिप, पंखा."

"ऐकलं," त्या म्हणाल्या आणि फोन उशीखाली ठेवला.

इस्त्रीबाई हे नाव त्यांना परिचारिकांनी दिले होते. रुग्णालयाच्या धुलाईघरात वाफेच्या प्रेसवर त्यांनी सगळी नोकरी काढली. झाकण उचलले की वाफ तोंडावर येई, चादर पालटायची, झाकण पाडायचे. निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना टेबलफॅन दिला. "आयुष्यभर भाजून निघालीस, आता गार बस," असे त्यातल्या एकीने सगळ्यांसमोर म्हटले होते आणि सगळ्या हसल्या होत्या.

मुलगा छपाईच्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाला. काही महिने तो नुसताच बसून राहिला. मग त्याने कुठूनतरी तंबू आणला: माणसाहून उंच, बाहेरून काळा, आतून आरशासारखा चंदेरी. आत दिवे लावून लेट्यूस पिकवायचे आणि मोठ्या हॉटेलांना विकायचे. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. तिच्या पगारात घर जेमतेम चालत होते, त्यामुळे तंबूला नाही म्हणायची कोणाची तयारी नव्हती.

"आई, सावलीची खोली तुझी एकटीचीच आहे," मुलगा म्हणाला होता. "रोपांना तीच लागते."

"मलाही तीच लागते."

तेव्हा दोघेही हसले होते. पलंग पॅसेजमध्ये आला. "तात्पुरतं आहे गं." तंबू छताला भिडत होता, म्हणून खोलीतल्या पंख्याची पाती उतरवली गेली. तीही तात्पुरती.

थंड हवा खालच्या झडपांतून आत घ्यायची, तापलेली हवा वर जाते, ती पंख्याने ओढून बाहेर फेकायची, एवढेच त्यातले मुख्य काम होते. मुलगा ते मनापासून करी. कोणी बघायला आले की पडद्यावर बोट ठेवून सांगे, "आत चोवीस. कायम. तिशीच्या वर गेलं की संपलं. पान दिसायला छान दिसतं, पण कडू होतं. हॉटेलवाला एक पान चावतो आणि अख्खा माल परत पाठवतो."

बाहेर फेकलेली हवा सुरुवातीला खिडकीतून जात होती. प्लायवूडने खिडकी बंद करून तिला गोल भोक पाडले होते, त्यातून पाइप काढला होता. महिन्याभरात वरच्या मजल्यावरचे काका खाली आले.

"अरे, तुझ्या पाइपाची भट्टी माझ्या खिडकीत लागते! मला ब्लडप्रेशर आहे. आणि रात्रभर ती घरघर. झोपायचं की नाही माणसाने?"

मुलाने त्यांची माफी मागितली. रात्री लावायचे दिवे दिवसा लावले. प्लायवूडचे भोक बुजवले आणि पाइप आत वळवून पॅसेजमध्ये सोडला. पाइपाचे तोंड पलंगाच्या पायथ्याशी आले. दिव्यांना वीज पुरवणारे, गरम होणारे डबेही तंबूबाहेर हवेत, म्हणून तेही पलंगाखाली गेले.

"त्यांना ब्लडप्रेशर आहे म्हणे," इस्त्रीबाई सुनेला म्हणाल्या. "मला नाही, हीच चूक झाली माझी."

"आई, एवढी ऑर्डर निघू दे. मी स्वतः पाइप काढते, बघाच तुम्ही." सून हे खरेपणाने म्हणाली होती. पण एका ऑर्डरीमागे दुसरी आली.

दुपारी हॉलमध्ये पश्चिमेचे ऊन भिंतीपर्यंत येई. तिथे पॅसेजपेक्षा वाईट स्थिती असे. मग पलंग आणि टेबलफॅन, एवढेच राहिले. धुलाईघरातली जुनी मैत्रीण एकदा भेटायला आली, पलंगावर टेकली आणि लगेच पदराने वारा घेऊ लागली.

"अगं, ही तर आपली प्रेसची जागा! रिटायर झालीस ना तू?"

"तिथे पाचला सुटी व्हायची," इस्त्रीबाई म्हणाल्या.

तर त्या दुपारी त्यांनी लाइट बंद केला. मग झिप वरून खालपर्यंत उघडली. आतली सगळी ऊब एकदम तोंडावर आली. त्यांनी सवयीने मान एका बाजूला वळवली, प्रेसचे झाकण उचलताना वळवत तशी. आत ट्रेमध्ये हिरवी पाने ओळीने उभी होती, तजेलदार, न घामेजलेली. इतक्या महिन्यांत ती त्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. याच पानांवर घरात बाजार येत होता, हेही त्यांना माहीत होते.

त्या पॅसेजमध्ये परत आल्या आणि टेबलफॅनपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी खोलीचे दार ओढून घेतले, पंखा फुल केला आणि पलंगावर आडव्या झाल्या. पाइपातून आता काहीच येत नव्हते. पॅसेजची हवा हळूहळू माणसात आली. त्यांना झोप लागली.

मुलगा आला तेव्हा त्या झोपलेल्याच होत्या. तो बुटांसकट खोलीत गेला. पाने कडेला मान टाकून पडली होती.

"आई! टेबलफॅन फिरवायला सांगितला होता ना?"

त्या उठून बसल्या. "फिरवला की."

"कुठे फिरवलास?"

"माझ्याकडे."

त्याने बादली भरून आणली, पाणी शिंपडले, ट्रे हॉलमध्ये हलवले, कारण तोवर ऊन उतरले होते. सून आली, तिने ओट्यावर पर्स टाकली आणि तीही कामाला लागली. दोघे खालच्या आवाजात बोलत होते. एकदा मुलाचा आवाज चढला, "मी कुणासाठी करतोय हे सगळं?" सुनेने त्याला गप्प केले.

दिवे लागेपर्यंत पाने पुन्हा उभी राहिली. पाहणाऱ्याला काही कळले नसते. मुलाने एक पान तोडून चावले, मग एक सुनेला दिले.

"मला तरी नाही लागत," सून म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

"मला दे बघू," इस्त्रीबाई पलंगावरून म्हणाल्या.

त्याने दिले. त्यांनी सावकाश चावून गिळले.

"कडू आहे."

"तुला काय कळतंय? तू कधी खाल्लंयस हे?"

"तू कधी दिलंयस?"

सकाळी माल गेला. स्वयंपाकघराचा मुख्य माणूस दुपारी येईल, मग फोन करू, असे हॉटेलात सांगितले गेले. जळालेल्या पंख्याची मोटर दुरुस्त व्हायला दोन दिवस लागणार होते. तंबू मात्र रिकामा ठेवून चालणार नव्हता, पुढची कोवळी रोपे तयार होती.

इस्त्रीबाई आंघोळ करून आल्या तेव्हा पलंगाशेजारची जागा मोकळी होती. झिप लावलेल्या तंबूतून ओळखीचा आवाज येत होता. त्यांच्या पंख्याचे एक पाते जाळीला किंचित घासे, ते टकटक वाजत होते.

"तात्पुरता घेतलाय," मुलगा खालच्या झडपा उघडून बांधत म्हणाला. "मोटर आली की लगेच देतो. आई, कालच्यासारखं करू नकोस. हात जोडतो."

त्याने खरोखरच हात जोडले. बोटांना माती लागलेली होती. इस्त्रीबाईंनी त्या हातांकडे पाहिले. तो मोटर घेऊन दुरुस्तीच्या दुकानाकडे गेला.

बाराच्या पुढे त्याच्या फोनवर अलार्म वाजला. त्याने आईला फोन लावला. तो वाजत राहिला. त्याने बायकोला लावला. तिचे दुकान जवळ होते, ती धावत घरी आली.

उशीखाली मोबाईल थरथरत होता. पलंगावरची चादर ताणून बसवलेली होती, कोपरे वॉर्डातल्या खाटेसारखे दुमडलेले. तंबूची झिप उघडी होती. पंखा बांधलेली तार कापलेली नव्हती, पीळ सोडून नीट गुंडाळून ट्रेच्या कडेला ठेवली होती. पडद्यावर एकतीस होते. दारात चपला नव्हत्या.

खालच्या रखवालदाराने त्यांना जाताना पाहिले होते. पंखा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, वायर मनगटाला गुंडाळली होती.

"मी म्हटलं, आजी, एवढ्या उन्हात कुठे? दुरुस्तीला का?" तो सुनेला म्हणाला. "तर म्हणाल्या, नाही रे बाबा, चांगला चालतो."

मग त्या कोणत्या बाजूला वळल्या, हे त्याने पाहिले नव्हते. हॉटेलचा फोन तोवर आलेला नव्हता.