आईच्या फोटोतली बाई

सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाची टूम नणंदेने काढली. ती राहायची दुसऱ्या शहरात, त्यामुळे हुकूम तिचे आणि हमाली सुनेची, हे न बोलता ठरलेलं. या वेळचा हुकूम असा, की फोनवर सगळ्या नातेवाइकांसाठी एक जागा उघडायची, ज्याच्याकडे आईचे जे फोटो असतील ते त्याने तिथे टाकायचे आणि सुनेने सुट्टीच्या दुपारी आईला समोर बसवून एकेका फोटोमागची गोष्ट रेकॉर्ड करायची.

"आई आहे तोवर साठवून घेऊ, वहिनी. नंतर हळहळून काय उपयोग?"

सुनेला वाटलं होतं, सासूबाई उडवून लावतील. स्वतःबद्दल चार वाक्यं सलग बोलणारी बाई नव्हे ती. पण सासूबाईंनी केस नीट विंचरले, कपाटातून एक जाड पाकीट आणलं आणि पहिल्याच बैठकीत बाँब टाकला.

"ही मी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हाची."

फोटोत कानाला यंत्र लावून, समोरच्या बोर्डात वायर खुपसताना एक तरुण मुलगी हसत होती. मग गोष्ट आली. इमारतीच्या जिन्यात आग लागली, सगळे खाली पळाले, आणि ही एकटी बोर्डावर बसून अख्ख्या गावातल्या डॉक्टरांना फोन जोडत राहिली. धूर खोलीत शिरला तरी उठली नाही. शेवटी साहेबाने खुर्चीसकट उचलून बाहेर काढली.

सून ऐकतच राहिली. संध्याकाळी तिने ते टाकलं आणि नातेवाईक नुसते तुटून पडले. नणंद फोनवर रडली. नवरा मात्र जेवता जेवता थबकला.

"आई नोकरी करत होती? मला कसं माहीत नाही?"

"तू कधी विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

सुनेच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. घरात फोन वाजला की सासूबाई दचकायच्या, हातात दिला तर उलटा धरायच्या आणि पलीकडचा माणूस बहिरा असल्यासारख्या ओरडायच्या. ही बाई एक्स्चेंजमध्ये?

पुढच्या बैठकीत सुनेने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आई, कामावर जायचात कशा?"

"सायकलवर."

"तुम्हाला सायकल येते?"

"तेव्हा यायची." मग घाईने पुढची गोष्ट सुरू झाली. त्यात वरिष्ठाशी भांडण होतं, ऐन रंगात आलं होतं, आणि सासूबाई बोलून गेल्या, "मग ती त्याला म्हणाली..." क्षणभर थांबल्या. "मी म्हणाले."

सुनेने मान वर केली नाही. रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. वय झालं म्हणून गोंधळ होतोय म्हणावं, तर दूधवाल्याने चार दिवसांपूर्वी किती दूध कमी घातलं हे सासूबाईंना पाठ. खोटं बोलतायत म्हणावं, तर कशासाठी? की लग्नाआधीचं काही लपवायचं आहे आणि त्यावर हे सगळं पांघरूण? नवऱ्याला म्हणाली तर तो म्हणाला, "तुला नसते उद्योग फार." नणंदेला आडून विचारलं तर ती एकदम फणकारली. "आईचं चार लोकांनी कौतुक केलं, तर तुला का टोचतंय गं?"

पाकीट मात्र सुनेच्याच ताब्यात होतं. एका दुपारी सासूबाई झोपल्यावर तिने फोटो टेबलावर मांडले.

आधी कडा दिसल्या. जवळजवळ प्रत्येक फोटो एका बाजूने कापलेला. एकात तर त्या मुलीच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं तेवढी उरलेली. तीन कडा जुन्या, पिवळ्या पडलेल्या, आणि चौथी पांढरीशुभ्र. म्हणजे हे कापणं आत्ताचं होतं. याच घरात, घरच्याच कात्रीने.

मग तिने एक्स्चेंजचा फोटो उजेडात धरला. मुलीने चष्मा लावला होता. सून चष्म्याच्या दुकानात कामाला, दिवसभर काचाच बसवायची. या काचेतून गालाची कड आत सरकल्यासारखी दिसत होती. लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्यात दिसते तशी, आणि नंबरही बराच. सासूबाईंना आज ऐंशीव्या वर्षीही समोरच्या रस्त्यावरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. जवळचं वाचायला तेवढा चष्मा लागायचा.

सासूबाई उठून चहा मागायला आल्या, तर टेबलावर हा पसारा. सुनेने एक्स्चेंजचा फोटो त्यांच्यापुढे सरकवला.

"आई, ही तुम्ही नाही. हिला चष्म्याचा मोठा नंबर आहे."

"किती?"

"पाच तरी असेल."

"साडेपाच," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "चष्मा काढला की तिला भिंतीवरचं घड्याळ दिसायचं नाही."

ती त्यांची थोरली बहीण. आवाज असा, की घरात तिला सगळे तोफ म्हणायचे. एक्स्चेंजमध्ये लागली तेव्हा वडील म्हणाले होते, हिला तारेची काय गरज, खिडकीतून हाक मारली तरी पोचेल. तिने लग्न केलं नाही. धाकटीचं लग्न झाल्यावर वर्षभरात तापाने गेली. मूलबाळ नाही, मागे कुणी नाही. आईवडील गेल्यावर तिला पाहिलेलं माणूस एकच उरलं होतं.

"मग मावशी म्हणून सांगायचं की! कापायचं कशाला?"

"आणि तुम्ही काय केलं असतं? 'हो का' म्हणून बोटाने पुढे सरकवलं असतं. बघतेच ना मी, कसे बघता फोटो ते." सासूबाईंचा आवाज चढला. "आईचा म्हटलं की ठेवता. म्हणून माझ्या नावावर घातली तिला. शेजारी मी उभी असते, तर कळलं असतं कोण कोण आहे. मग मला कापलं."

"आणि तुमच्या गोष्टी?"

"माझं काय सांगायचं? घर सांभाळलं."

कापलेले तुकडे त्यांनी उशीच्या अभ्र्यात ठेवले होते. सुनेने ते आणले, जोड्या लावल्या आणि मागून चिकटपट्टी मारली. लांबट चेहऱ्याची तोफ आणि तिला बिलगलेली, बारीकशी सासूबाई. खांद्यावरची ती बोटं त्यांचीच निघाली.

"सगळ्यांना सांगणार का तू?" सासूबाईंनी विचारलं. त्यांची नजर आता सुनेवर रोखलेली होती.

"तुम्हीच सांगा. मी रेकॉर्ड करते."

त्यांनी सांगितलं. या वेळी 'ती' म्हणून, कुठेही न अडखळता. नणंदेचा लगेच फोन आला. "म्हणजे आई इतके दिवस खोटं बोलत होती?" त्यानंतर तिने आठवडाभर अबोला धरला. नातेवाइकांचं म्हणाल, तर सासूबाईंचा अंदाज बरोबर निघाला. आईच्या आगीवर जे तुटून पडले होते, त्यांनी मावशीच्या आगीला नुसता अंगठा दाखवला. नवऱ्याने मात्र ते रेकॉर्डिंग ओट्याशी उभं राहून दोनदा ऐकलं आणि आईला विचारलं, "मावशीला सायकल कुणी शिकवली?" सासूबाई तासभर बोलत होत्या. त्यात थोड्या त्या स्वतःही आल्या, सायकलमागे पळताना.

आता रोज सकाळी सासूबाई सुनेला फोन उघडायला लावतात. तोफ जागेवर आहे की नाही ते बघतात. "पुसलं नाहीस ना? तुमचं काय सांगावं." सून दाखवते. तिच्याही मनातून शंका पुरती गेलेली नाही. एकदा भाजी निवडताना तिने विचारलंच, "आई, ती आग खरंच लागली होती का हो?"

सासूबाईंनी देठ मोडला. "तिने मला सांगितलं, मी तुला सांगितलं. धूर थोडा वाढला असेल मध्ये."