कातळापासून चार बोटं

विकणे आहे. जपानी दोन सीटर स्पोर्ट्स कारचे चार शॉकअप. कंपनीचे नव्हेत, बाहेरचे. रिकंडिशन केलेले.

"हे इतके उंच का ठेवलेत, चाचा?" चिपळूणहून आलेला ओमकार अंगणात उकिडवा बसून स्प्रिंगखालची रिंग चाचपत होता. "लोक गाडी खाली बसवायला हे घेतात. तुम्ही तर पार जीप केलीत."

"रिंग फिरते. खाली करा की," करीम म्हणाला.

तीस वर्षं त्याने रत्नागिरीत बोटींची इंजिनं आणि रिक्षा दुरुस्त केल्या. स्पोर्ट्स कार एकही नाही.

विकणे आहे. घरी जपून ठेवलेले.

जपून, म्हणजे आमीरच्या पलंगाखाली. आमीर, मुलगा, शारजाहून सुट्टीवर येताना बॅगेतून एकेक आणायचा, ब्लँकेटात गुंडाळलेला. चार सुट्ट्या, चार शॉकअप. सगळे भंगारातले, गळके. तुम्ही नीट करून ठेवा अब्बा, मागाहून गाडी जहाजाने आणतो, मग मी पण इथेच. करीमने सील बदलले, तेल भरलं, रंग दिला. पाचव्या सुट्टीला आमीर आला नाही. यंदा फोनवर म्हणाला, ती गाडी विकली. पोरांना मागची सीट लागते.

विकणे आहे. कारण

कारण लिहायचं राहिलं.

ओमकारची लाल गाडी, तशाच जातीची, खाली रस्त्यावर उभी होती. चढ बघूनच त्याने ती वर घातली नव्हती. फाटकापाशी कातळाचं टोक रस्त्यातच वर आलं आहे. त्यावर रिक्षांचे ओरखडेच ओरखडे. त्या टोकाला गाडीचं पोट लागू नये म्हणून करीमने उंची ठरवली होती. गाडी समोर नसताना, आमीरने फोनवर सांगितलेल्या मापांवरून. कातळापासून चार बोटं.

हे सगळं त्याने ओमकारला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मीच बसवून देतो, मजुरी नको. फक्त उंची हाय तशीच ठेवायची. एकदा हा चढ चढवा. मग चिपळूणला जाऊन काय ते खाली करा."

"आणि घासली तर?"

"नाय घासायची."

खाली रस्त्याकडेला जॅक लावून चारही बसवेपर्यंत दुपार कलली. ओमकारने शेजारची सीट झटकून त्याला बसायला सांगितलं. करीम नको म्हणाला. चढ चढून फाटकापाशी गेला, गुडघे टेकून कातळाजवळ वाकला आणि हात वर केला.

गाडी आली. कान देऊन ऐकलं, तर फक्त इंजिन. पोटाखालून पलीकडचं अंगण क्षणभर दिसलं, बारीक पट्टीएवढं.

आवाज ऐकून करीमची बायको रझिया सरबताचे पेले घेऊन बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करता करता तिने काचेतून आत पाहिलं. आत आमीर नव्हता. ती थांबली.

"घ्या," ती ओमकारला म्हणाली. "लांब जायचं हाय तुम्हाला."

विकले.

गाडी उतरून दिसेनाशी झाल्यावरही करीम फाटकात बसूनच होता. कातळावरून त्याने हात फिरवला. ओरखडे सगळे जुनेच होते. नवा एकही नव्हता.