बिनपाण्याची बाग

निवृत्तीनंतर वेणीमाधव गायधनींची सत्ता एकाच जागी उरली होती, ती म्हणजे इंदिरानगरातल्या घरापुढचं अंगण. आता तीही जायला आली होती. मुलगा मयुरेश अक्षय्य तृतीयेला मोटार आणणार होता आणि ती उभी करायला त्याला तिथे फरशी हवी होती.

"बाबा, नळ एक दिवसाआड येतो आणि तुम्ही गुलाबांना पाइप लावून बसता," तो म्हणाला. "शोभतं का?"

शोभत नव्हतं, हे वेणीमाधवांनाही कळत होतं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "पाणी न मागणारी बाग लावतो," ते म्हणाले. "अक्षय्य तृतीयेपर्यंत जगली तर अंगण माझं. मेली तर खुशाल फरशी घाल."

होळी होताच गुलाब शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून झाले. सायखेड्याच्या रोपवाटिकेतून अडेनियम, कोरफड, गोल निवडुंग आणि एक बोगनवेल आली. "यांचे लाड करू नका दादा," रोपवाटिकेच्या कारभारींनी बजावलं. "पाणी लय झालं की सडतात."

लाड करणाऱ्यांतले वेणीमाधव नव्हतेच. दर रविवारी ते संध्येची पळी घेऊन अंगणात यायचे आणि तीर्थ द्यावं तसं एकेका झाडाला पळीभर पाणी द्यायचे. येणारेजाणारे फाटकाशी थांबायचे. त्यांना मग पाणीटंचाईवर व्याख्यान ऐकावं लागायचं. हळूहळू लोक पलीकडच्या गल्लीने जाऊ लागले.

झाडांनी मात्र भलतंच मनावर घेतलं. बोगनवेल पानापानांनी भरली, फूल औषधालाही नाही. कोरफड पिवळी पडली. वेणीमाधवांनी पळीवरून अर्ध्या पळीवर आणलं, तर निवडुंग एका बाजूला कलला. मग त्यांनी अर्धी पळीही बंद केली, आणि त्याच आठवड्यात अडेनियमच्या फुगीर बुंध्यावर बोट ठेवलं तर ते पिकल्या केळ्यात जावं तसं आत गेलं. कारभारींनी आपल्याला रोगट झाडं गळ्यात मारली, याबद्दल त्यांची खात्रीच पटली.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली. एका सकाळी फिरायला निघालेल्या वेणीमाधवांच्या चपलेचा अंगठा कोपऱ्यावरच तुटला आणि ते पाय ओढत परत आले. पाहतात तो त्यांच्या पत्नी आशाबाई कळशी कमरेवर घेऊन अडेनियमच्या बुंध्याशी सगळी रिती करत होत्या. शेजारी दोन हंडे वाट पाहत होते.

"अगं, हे काय करतेस?"

"नळ आला ना. शिळं पाणी काढायला नको?"

"रोज?"

"रोज कुठे? नळ येईल तेव्हा." मग त्यांचा चेहरा बघून आशाबाई म्हणाल्या, "बिचारी सुकत चालली होती हो. तुम्ही पळी दाखवून जायचात."

वेणीमाधव पायरीवर बसले. रागवावं कुणावर, तेच त्यांना कळेना. अंगण गेलं याचं त्यांना खरंखुरं रडू येत होतं. मयुरेश दात घासत बाहेर आला आणि मेलेल्या झाडांकडे बघून त्याने विषय संपवला. "ठरलं होतं, बाबा. उद्या फरशीवाल्याला बोलावतो."

"बोलाव," आशाबाई म्हणाल्या. "फक्त हे हंडे कुठे ओतायचे तेवढं सांग."

"मोरीत ओत."

"मोरीत? गंगापूर धरणाचं, गंगेचं पाणी आहे ते. प्यायला शिळं झालं तरी मोरीत घालायचं नसतं. माझ्या सासूबाईंनी कधी घातलं नाही, मी घालणार नाही. झाडाच्या मुळाशीच गेलं पाहिजे."

"मग तेच प्या."

"शिळं?"

मयुरेशने वडिलांकडे पाहिलं. बत्तीस वर्षं 'पाणी कुठे शिळं होतं?' म्हणून टिंगल करणारे वेणीमाधव आज गंभीरपणे मान डोलावत होते. मयुरेशने चूळ भरली, मोटारीच्या जागेबद्दल आपल्या बायकोला काय सांगायचं याचा थोडा विचार केला आणि फाटकाबाहेरच्या रस्त्याची रुंदी नजरेने मोजत तो आत गेला.

वेणीमाधवांना बायकोबद्दल एकदम भरून आलं. तसं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते उठले आणि एक हंडा स्वतः उचलायला लागले.

"इथे कर्दळ लावतो," ते म्हणाले.

"पाणी किती लागतं तिला?"

"भरपूर."

"मग आणा," आशाबाई म्हणाल्या.