कात्रीत गेलेली नावं

मित्रांनो, मी एक जुना सिनेमा आहे, तोही थिएटरातला नव्हे, टीव्हीवरचा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका टीव्ही केंद्राच्या तळघरात, पत्र्याच्या डब्यात पडून असतो. अंगाला आंबूस वास येतो. थकलो बाबांनो आता.

माझी गोष्ट ब्राइड कॅरीन या कवयित्रीची. त्यांच्या गावची मासेमारीची बोट वादळात बुडाली, तिच्यावर त्यांनी मोठी कविता लिहिली. शेवटी बुडालेल्या सगळ्यांची नावं. त्या गावात मेलेल्यांची नावं घ्यायला लागलं की मध्ये थांबत नाहीत. नाव सुटलं तर तो माणूस पुन्हा बुडाला, असं मानतात.

टोरांटोचे प्रकाशक म्हणाले, "बाई, एवढी नावं कोण वाचणार? दोन-तीन ठेवा, पुरे."

"आणि बाकीच्यांच्या आयांना काय सांगू साहेब? तुझा पोरगा पानात मावला नाही म्हणून?"

बाईंनी कविता परत घेतली. मग कोणीच छापली नाही.

या भांडणावरच मला बनवलं. बाईंनी स्वतः शेगडीपाशी बसून सगळी नावं म्हटली. शब्दालाही हात लावणार नाही, असं वचन टीव्ही केंद्राने त्यांना दिलं होतं. तेव्हा मला माझा केवढा अभिमान वाटला!

पण जाहिराती वाढल्या आणि मी लांब ठरलो. संकलक लिअँडर पाइक कात्री घेऊन पुटपुटला, "भांडण तर अख्खं ठेवलंय. शेवटची नावंच तर जातायत." अरे, मग भांडण कशासाठी होतं? कापलेली पट्टी केरात गेली.

रविवारी संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात सगळं गाव चहाचे कप घेऊन जमलं. म्हातारी मोनिका अगदी पुढे सरकून बसली होती. मी त्यांच्या टीव्हीवर होतो, सगळं बघत होतो. तिसरं नाव झालं आणि साबणाची जाहिरात लागली.

"अगं ब्राइड," मोनिका म्हणाली, "माझा एम्ब्रोज कुठाय?"

"कापला मेल्यांनी!" मागून कोणीतरी ओरडलं.

बाई उठल्या. त्यांनी टीव्ही बंद केला आणि उभ्यानेच पहिल्या नावापासून सुरुवात केली. मी विझत गेलो. एम्ब्रोजपर्यंत त्या पोचल्या, ते मला ऐकायला मिळालं नाही.

पुढे मला बक्षीस मिळालं. लोकांनी कौतुक केलं. मला लाज वाटत राहिली.

मित्रांनो, कधी मला डब्यातून काढलंत तर जपून हाताळा, मी ठिसूळ झालोय. कापलेली नावं आता माझ्याजवळ नाहीत. मोनिकाने विचारलं म्हणून एक तेवढं राहिलंय. मी संपलो की ते मोठ्याने म्हणा. एम्ब्रोज.