रिकाम्या पिकअपचे वजन

माझ्या थोरल्या लेकीला जुळी मुले झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात पाळणे दोन आणि झोप कुणालाच नाही, असे ते दिवस होते. त्याच दिवसांत आमच्या गोदामांच्या आवारात रोज दिवेलागणीला माणसांचा पूर लोटू लागला. हमाल, ड्रायव्हर, चहावाले, त्यांच्या बायका, कडेवरची पोरे, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. आणि हे सगळे कशासाठी? एका रिकाम्या पिकअपचे ढुंगण खाली जाताना बघण्यासाठी. शब्द वाईट आहे, पण याहून चांगला शब्द वापरावा अशी ती गोष्टच नव्हती.

ज्यांनी कधी गाडीत माल भरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकअप रिकामी असते तेव्हा तिची मागची बाजू वर उचललेली असते. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठीच बनवलेले असतात. ओझे पडले की ते दबतात आणि गाडी सपाट होते. आमच्या आवारातला कालचा हमालही लांबून गाडीची शेपटी बघून ती भरलेली की रिकामी ते सांगे. या माहितीनेच आमचा घात केला. हाच खेळ कुणी शिंप्यांच्या गल्लीत लावला असता तर लोक दोन मिनिटे थांबून घरी गेले असते. त्या इसमाने बरोबर आमचे आवार हेरले.

लोक त्याला पिकअपबाबा म्हणत. अंगात पांढरा झगा, हातात माईक आणि तोंडाला अजिबात उसंत नाही.

"चढा, चढा! शंका असेल त्यानं हौद्यात चढून बघावं! आहे का काही? सतरंजी आहे, फुलं आहेत, बाकी शून्य! आता माझे थोरले गुरू, ज्यांनी कधीच देह ठेवला, ते येऊन इथे बसणार. माझ्याकडे बघू नका, मी कोण? त्यांच्या पायाची धूळ! टायर बघा, टायर! माणूस खोटं बोलेल, टायर बोलणार नाही!"

मग चेले ढोल बडवू लागत, लोक टाळ्या वाजवत नामाचा गजर करत, आणि त्या गदारोळात रिकाम्या पिकअपची शेपटी हळूहळू खाली येई. एखादा जाडजूड माणूस गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खुर्चीत टेकावा, तशी. गाडी सपाट झाली की बायका रडत. पुरुष हौद्याच्या मागच्या फाळक्यावर कपाळ टेकत. आजाऱ्यांची रांग लागे आणि बाबा एकेकाच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "गुरूंनी तुझं ओझं घेतलं. आता गोळ्या नाहीत, सुया नाहीत. औषध घेणं म्हणजे गुरूंवर अविश्वास."

त्या रांगेत माझा धाकटा भाऊ होता.

भाऊ हमालांचा मुकादम. साखरेचा आजार जुना, सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागे. त्यात खोक्याचा पत्रा लागून पायाला जखम झालेली. बाबाचे ऐकून त्याने सुई सोडली, तेव्हा त्याची बायको मला बोलवायला आली. मी गेलो तर हे महाशय पाय स्टुलावर ठेवून चहा पीत बसलेले.

"भाऊजी, सुयांचा डबा यांनी माळ्यावर फेकलाय," ती म्हणाली. "आणि तो पाय बघा. वास येतोय त्याला."

"वास तुला येतो, कारण तुझा विश्वास नाही," भाऊ म्हणाला.

"माझं नाक आहे ते! नाकाला कुठला आलाय विश्वास?"

तो हसला. माझ्याकडे वळला. "दादा, तू जन्मभर गाडी चालवलीस. मला एकच सांग. रिकामी पिकअप अशी बसते का?"

"नाही बसत."

"मी स्वतः हौद्यात चढलो होतो. सतरंजी उचलून बघितली. खाली पत्रा, वर आभाळ. मग वजन आलं कुठून?"

"ते मला ठाऊक नाही."

"बघ!"

"बघ काय? मला ठाऊक नाही म्हणजे लगेच महाराज आले, हे कुठलं? ठाऊक नाही म्हणजे ठाऊक नाही."

"मग ठाऊक करून घे," तो म्हणाला. "खोटं असेल तर मला डोळ्यांनी दाखव. त्याच दिवशी सुई घेतो. शपथ."

भावजय दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

आवाराला लागून एक जुना हॉल होता. त्याच्या वरच्या खोलीत एक शिक्षिका आम्हा मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत. आम्ही त्यांना बाई म्हणत असू, वयाने त्या माझ्या लेकीएवढ्या असल्या तरी. खाली बाबाचा खेळ संपला की वर आमचा वर्ग भरे. दुसऱ्या दिवशी बाई फळा पुसायची चिंधी ओली करायला नळाशी गेल्या. नळ नुसता फुसफुसला.

"हे रोजचंच झालं," बाई म्हणाल्या. "खालचा गोंधळ संपला की टाकी रिकामी. एवढं पाणी पितं कोण?"

"महाराजांना तहान लागत असेल," मागून एक मावशी म्हणाल्या. सगळा वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या. खाली बाबाचा मांडव होता आणि मांडवाच्या लोखंडी खांबाला पाठ लावून पिकअप उभी होती.

"काका," त्यांनी मला विचारले, "ही गाडी सपाट व्हायला किती ओझं लागेल?"

"चार-पाच क्विंटल तरी."

"एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आणि ही गाडी कायम त्याच खांबाला टेकून का लावतात? परलोकातून इथवर येणाऱ्याला आणखी चार पावलं पुढे येऊन बसता येत नाही?"

मी आणि बाई गच्चीवर गेलो. टाकीला जुन्या नळांच्या बाजूने एक नवा जाड पाइप जोडलेला होता. तो भिंतीवरून उतरून थेट त्या पोकळ खांबात शिरला होता. वरच्या टोकाला तोटी. एक चेला गच्चीचे दार उघडून यायचा, तोटी सोडायचा आणि ढोल बडवायला खाली पळायचा. इतके सोपे. मला आधी हसू आले आणि मग भावाचा पाय आठवला.

"आत्ताच जाऊन सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"सांगून ऐकतील?" बाई म्हणाल्या. "तुमच्या भावानं काय म्हटलंय? डोळ्यांनी दाखव. उद्या चेला खाली गेला की मी इथे थांबते. तुम्ही त्यांना घेऊन पुढे उभे राहा."

दुसऱ्या दिवशी मी भावाला अगदी पहिल्या रांगेत नेले. भावजयही आली. ढोल सुरू झाले. 'टायर बघा, टायर!' हेही झाले. शेपटी खाली यायला लागली आणि अर्ध्यावर थांबली.

ढोल वाजत राहिले. गाडी हलेना. बाबाने तिरक्या नजरेने चाकाकडे पाहिले.

"अर्धेच बसले की हो!" कुणीतरी म्हणाले.

"मूळव्याध असेल," एक ड्रायव्हर पुटपुटला. आजूबाजूचे फिस्सकन हसले.

"शांतता!" बाबा ओरडला. "इथे कुणी अविश्वासी उभा आहे! गुरू त्याच्यामुळे खोळंबलेत!"

"मीच तो," मी म्हणालो, आणि मान वर करून हाक मारली, "बाई, सोडा पाणी!"

शेपटी पुन्हा उतरू लागली.

"बंद करा!"

थांबली.

पोरांना खेळ लगेच समजला. ती गच्चीकडे बघून ओरडू लागली, "सोडा! बंद! सोडा! बंद!" आणि बाबाचे थोरले गुरू पोरांच्या हुकमाने इंचाइंचाने खाली बसू लागले. एका चेल्याच्या हातातला ढोल गळून पडला. मी खांबाजवळचे फुलांचे हार ओरबाडले. मागून निघाला जाड रबरी पाइप, हौद्याच्या कडेत घुसवलेला. ओढला तसा पाण्याचा फवारा माझ्या छातीवर बसला. मग मी गाडीखाली शिरलो. हौद्याच्या खऱ्या तळावर वीतभर उंचीची पत्र्याची पेटी बसवून तिच्यावर दुसरा तळ ठोकलेला होता. हौदा वीतभर उथळ झाला होता आणि रोज हौद्यांत वावरणाऱ्या आम्हा शंभर माणसांपैकी एकालाही ते दिसले नव्हते, कारण आम्ही सांगितल्याप्रमाणे टायर बघत होतो. पेटी रोज रिकामी करायचे खालचे बूच मी फिरवले.

जे बाहेर आले त्याला पाणी म्हणायचे तर म्हणा. गंजाने तांबडे, वर शेवाळाचे तुकडे, मेलेली झुरळे, आणि कधीच पूर्ण न उपसलेल्या टाकीला येतो तसा कुबट वास. पाणी वाहत गेले तशी पिकअपची शेपटी वर उचलली गेली. मला वाटले, संपले.

बाबाचा चेहरा पांढरा पडला होता. पण तोंड त्याचे धंद्याचे. चिरक्या आवाजात तो किंचाळला, "जलरूप! गुरू जलरूपानं प्रकटले!"

आणि लोक पुढे सरसावले. मी थापा मारत नाही. ज्यांनी आत्ता डोळ्यांनी पाइप पाहिला होता, ज्यांची पोरे आत्ता सोडा-बंद करत होती, ते लोक बाटल्या, डबे, चहाचे पेले घेऊन त्या बुचाखाली वाकले. एका आईने त्या पाण्याने बाळाचे डोळे पुसले. एक जण झुरळ बोटाने बाजूला सारून प्यायला. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही.

मी गाडीखालून बाहेर आलो, तर भाऊ बाटली भरत होता.

"अरे, तू पण?"

"दादा, मला कळलं," तो शांतपणे म्हणाला. "पाण्याची करामत आहे. मी काय आंधळा नाही. तू जिंकलास. सुई उद्यापासून चालू."

"मग ही बाटली कशाला?"

"असू दे रे. एवढी माणसं नेतायत. घेतली तर काय बिघडतं?"

भावजय बाटलीवर झडप घालायला गेली. त्याने हात उंच केला आणि लहान पोराला खेळवावे तसा हसत राहिला.

घरी जाऊन त्याने त्या पाण्याने जखम धुतली आणि उरलेले प्यायला. शब्दाला जागून सकाळी सुईही घेतली. तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि अंग तापाने फणफणत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "जखमेला काय लावलंत?" भावजयीने सांगितले. डॉक्टरांनी लगेच नर्सला हाक मारून त्याला भरती करून घेतले.

पिकअपबाबा त्याच रात्री गाडी घेऊन पसार झाला होता. पुढे कुठल्याशा आवारात कुठलीशी गाडी बसवत असेल.

युक्ती उघडी पाडली की काम झाले, असे मला वाटत होते. ते चूक होते. ज्याला कळत नाही त्याला दाखवता येते. ज्याला कळले आणि तरी जो बाटली पुढे करतो, त्याच्यापुढे मी हात टेकले. काय बिघडतं, या दोन शब्दांवर असले सगळे बाबा पोट भरतात. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो. वजन वाढलेले दिसले तर ते कुठून आले, हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागा. अर्धे खरे आणि अर्धे खोटे दोन्ही घरी नेऊ नका. आजार अंगात आहे, तो डॉक्टरला दाखवा, औषध वेळेवर घ्या, आणि जखमेला स्वच्छ पाणी लावा.

माझा धाकटा भाऊ त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, सरकारी दवाखान्यात वारला. जखमेचे विष रक्तात भिनले होते.